श्री. स्टॅम्पिंगकर

अमेरिकेतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, महाप्रसादाच्या रांगेत, श्री. स्टॅम्पिंगकर तुम्हाला भेटलेले आहेतच. ‘यंदा भारतात जाणार का?’ एवढं विचारायचा अवकाश, की आय-७९७, आय-९४, डीएस-१६० असा फॉर्मांचा पाढा सुरू होतो आणि ताटातला मसालेभात गार होऊन जातो. स्टॅम्पिंगकरांचं सगळं रिफंडेबल असतं. विमानाचं तिकीट रिफंडेबल, महाबळेश्वरचं हॉटेल रिफंडेबल, हे समजू शकतं. पण मावसबहिणीच्या लग्नाला ‘येतोच’ हेही रिफंडेबल आणि आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ‘मी असेन गं’ हेही रिफंडेबल. साहजिकच नातेवाईक त्यांना धरसोड्या म्हणतात आणि मित्र घाबरट म्हणतात. माझं मत उलट आहे. ज्या व्यवस्थेत हे गृहस्थ राहतात, तिच्यात ‘नक्की येतो’ म्हणणाराच बेजबाबदार ठरेल.

कारण तिथे राहायची परवानगी वेगळी आणि परत आत यायची वेगळी. एच-वन-बी या नोकरीच्या परवान्यावर काम करायला एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात, एकूण सहसा सहा. ग्रीन कार्डाच्या रांगेत ठरावीक टप्पा गाठला असेल तर त्यापुढेही मुदतवाढ मिळते. ही मुदतवाढ कंपनी अमेरिकेतच करून घेते. अर्ज वेळेत गेला असेल तर निकाल येईपर्यंत २४० दिवस काम चालू ठेवता येतं आणि जादा फी भरली तर कामकाजाच्या १५ दिवसांत उत्तरही येतं. इथवर सगळं सुरळीत. पण पासपोर्टातला व्हिसा, म्हणजे बोलीभाषेतलं ‘स्टॅम्पिंग’, हा निराळा कारभार. तो संपलेला असला तरी माणूस अमेरिकेत कायदेशीर राहू शकतो. मात्र आईला भेटून परतायचं, तर मुंबईत बीकेसीच्या किंवा दुसऱ्या शहरातल्या वकिलातीतून नवा घ्यावा लागतो. त्यात पासपोर्टच लवकर संपत असेल, तर मंजुरी तीन वर्षांची असूनही विमानतळावरचा अधिकारी आय-९४ वर, म्हणजे मुक्कामाच्या मुदतीच्या नोंदीवर, पासपोर्टाचीच तारीख टाकून मोकळा होतो. म्हणून स्टॅम्पिंगकर सामानाच्या पट्ट्यापाशी उभे राहून, बॅगा समोरून दोनदा फिरून गेल्या तरी, फोनवर आय-९४ उघडून तारीख वाचत असतात. हसू येतं खरं, पण ती तारीख न वाचणारे पुढे वकिलाला पैसे मोजतात.

‘मग आधीपासून नीट प्लॅन करावं की!’ हा आक्षेप ठरलेला. २०२५ साल या आक्षेपाला पुरेसं उत्तर आहे. सप्टेंबरात मुलाखतीची सूट, म्हणजे लोकांचं लाडकं ‘ड्रॉपबॉक्स’, जवळजवळ सगळ्यांसाठी बंद झाली. व्हिसा आपल्या मायदेशी किंवा राहत्या देशातच मागा, अशी सूचना त्याच महिन्यात आली. १९ सप्टेंबरला एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली. ते फक्त नव्या अर्जांना आहे हा खुलासा येईपर्यंत बाहेर गेलेले लोक मिळेल त्या विमानाने परत धावत सुटले होते. डिसेंबरात समाजमाध्यमांवरच्या खात्यांची तपासणी सुरू झाली आणि ज्यांच्या हातात मुलाखतीची पक्की तारीख होती, अशा अनेकांची तारीख थेट २०२६ च्या मार्चमध्ये किंवा त्याही पुढे गेली. या मंडळींनी प्लॅनच केला होता. तारीख आधी, तिकीट मग, रजा त्यानंतर, असा शिस्तीत केला होता. त्यातलं शेवटी कामाला काय आलं? रिफंडेबल तिकीट.

दुसरा आक्षेप जरा टोचणारा आहे: डॉलरमध्ये कमावता, तर रडता कशाला? यात तथ्य आहे. दोन गाड्यांच्या गॅरेजमध्ये उभं राहून केलेल्या तक्रारीला आखातातल्या मजुराच्या तक्रारीचं वजन येत नाही. पण स्टॅम्पिंगकरांची तक्रार पगाराची नसते. घराचा हप्ता, मुलांची शाळा, बायकोचा एच-फोर व्हिसा, सगळं त्या एका शिक्क्याला बांधलेलं असतं आणि चिठ्ठीवर ‘२२१ जी’, म्हणजे ‘निर्णय तूर्त नाही’, असं येऊन पासपोर्ट अडकला तर किती दिवस, हे विचारायला कुणी अधिकारी सापडत नाही. असा माणूस भित्रा होणारच. शिवाय, कबूल करायला जिवावर येतं, पण नव्याने आलेल्या कुणाचाही डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा अर्ज, रात्री अकराला बसून ओळन् ओळ तपासून देणारे हेच. फोटो दोन इंची चौकोनी हवा, चष्मा काढ, हे फोन करून तिसऱ्यांदा बजावणारेही हेच. आणि वडील गेल्याचा फोन येतो त्या रात्री स्टॅम्पिंगकर रिफंडेबल तिकीट शोधत नाहीत. जे मिळेल ते काढतात. काही जण काढत नाहीत. बायको-मुलांकडे बघतात आणि अंत्यविधी व्हिडिओ कॉलवर पाहतात. त्यांना नावं ठेवणारा दहाव्याला जमलेल्यांत एक तरी निघतोच.

हे असंच चालणार, त्याला इलाज नाही, असं म्हणावं तर तेही खरं नाही. २००४ पर्यंत हा व्हिसा अमेरिकेतच नव्याने मिळत असे. मग बोटांचे ठसे सक्तीचे झाले, ते देशात घेण्याची सोय नाही म्हणून ती खिडकी बंद झाली. २०२४ च्या सुरुवातीला २०,००० जणांपुरती ती पुन्हा उघडून पाहिली. अट अशी, की दहाही बोटांचे ठसे पूर्वीच दिलेले असावेत. स्टॅम्पिंगकरांचे ठसे तर पहिल्या व्हिसापासून सरकारकडे पडून आहेत. तरीही पहिला प्रयोग झाल्यावर खिडकी परत लावून घेतली गेली आणि दहा बोटं घेऊन तेरा हजार किलोमीटर जाण्याचा कार्यक्रम पूर्ववत चालू राहिला.