त्रिशंकूच्या हद्दीत

आमच्या चिरंजीवांचं वय तेरा, आणि गेलं वर्षभर त्यांचा मुक्काम एका ताऱ्यावर आहे. मोबाइलमधल्या त्या ताऱ्याचं नाव मला उच्चारता येत नाही. पण तो दोन साम्राज्यांच्या हद्दीवर आहे, दोघंही त्यावर हक्क सांगतात आणि तिथून जाणारं प्रत्येक यान कोणी ना कोणी फोडतंच, एवढं मला जेवताना समजलेलं आहे. चिरंजीव तिथली एक चौकी राखतात. गृहपाठ राहतो, पण चौकी पडत नाही.

मे महिन्यात माझ्या मावशीला त्रिस्थळी यात्रा घडवायची ठरलं. प्रयाग, काशी आणि गया. मेमध्ये उत्तरेत जाणं हा शहाणपणा नव्हे, पण शाळेची सुट्टी आणि मावशीचे गुडघे या दोघांचा मेळ त्याच महिन्यात बसत होता. काशीला रेंज असते याची खात्री करून घेऊन चिरंजीव यायला तयार झाले.

प्रयाग उरकून काशीत आलो. गल्ल्यांमध्ये म्हशी, घाटांवर लू आणि लॉजच्या खोलीत कूलर. कूलर एवढा आवाज करी की मावशीचं विष्णुसहस्रनाम आणि चिरंजीवांची अंतराळातली लढाई एकमेकांत मिसळून जात. तिसऱ्या संध्याकाळी नाव केली. शिंद्यांचा घाट, भोसल्यांचा घाट असे मराठी माणसाची मान ताठ करणारे घाट मागे टाकत नाव दक्षिणेला निघाली आणि हरिश्चंद्र घाटापाशी नावाडी वल्हं थांबवून म्हणाला, "राजा हरिश्चंद्र इहाँ बिके रहे."

"विकले गेले? कितीला?" चिरंजीवांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं. काशीत आल्यापासून त्यांनी विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

मावशीला एवढं पुरे होतं. तिने हरिश्चंद्राचं स्वप्न, तारामती, रोहिदास, डोंब सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, "आणि बापाची गत याहून वाईट झाली हो त्याच्या. त्रिशंकू तो. अजून लटकलाय."

"कुठे?"

"वर."

हरिश्चंद्राचा बाप सत्यव्रत उर्फ त्रिशंकू. त्याला याच देहानिशी स्वर्गात जायचं होतं. वसिष्ठांनी नाही म्हटलं, त्यांच्या मुलांनी शाप दिला, तेव्हा तो विश्वामित्रांकडे गेला. विश्वामित्रांचं आणि वसिष्ठांचं हाडवैर, त्यामुळे काम लगेच झालं. त्रिशंकू सदेह वर गेला. इंद्राने त्याला दारातूनच खाली ढकललं. तो उलटा पडू लागला, तसं विश्वामित्रांनी खालून थांबवलं. मग चिडून त्यांनी दक्षिणेला नवे सप्तर्षी केले, नवी नक्षत्रमाला केली, आणि आता नवा इंद्रही करतो म्हणाले. तेव्हा कुठे देव तडजोडीला आले. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात त्या तहाची कलमं आहेत: विश्वामित्रांचे तारे राहतील, पण वैश्वानरपथाच्या बाहेर, आणि त्यांच्यात त्रिशंकू राहील, पण डोकं खाली.

मावशीचं बोलणं संपलं तेव्हा चिरंजीवांच्या मोबाइलवर लाल अक्षरं चमकत होती. चौकी पडली होती. त्यांचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे बाबा, ती सिस्टिम देवांनी पण क्लेम केली आणि विश्वामित्रांनी पण? आणि मध्ये हा अडकला?"

"असंच म्हणायचं."

"ती दिसते?"

हे मात्र मला ठाऊक होतं. आपल्याकडे ज्याला त्रिशंकू म्हणतात तो इंग्रजांचा सदर्न क्रॉस. आकाशाच्या 88 तारकासमूहांत सर्वांत लहान. तीन बाजूंनी नरतुरंगाने वेढलेला, चौथ्या बाजूला मक्षिका, म्हणजे माशी. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेसाठी देलपोर्त नावाच्या बेल्जियन खगोलज्ञाने या सगळ्यांच्या हद्दी आखल्या, त्या 1930 साली छापून आल्या. त्याआधी ग्रीकांच्या हिशेबात त्रिशंकूचे तारे नरतुरंगाचेच होते. थोडक्यात, जागा तेव्हाही वादातलीच. त्यातला तांबूस तारा आपल्यापासून सुमारे 88 प्रकाशवर्षांवर, सर्वांत तेजस्वी तारा सुमारे 320 वर. आपल्याला ते एका चौकटीत दिसतात ते गणेशोत्सवातल्या ग्रुप फोटोत सगळी सोसायटी दिसते तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानमंदिरात गेलो. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात या वाड्याच्या गच्चीवर वेधशाळा बांधली. तिथलं सम्राट यंत्र म्हणजे एक तिरकी दगडी भिंत. ती काशीच्या अक्षांशाएवढीच, म्हणजे पंचवीस अंशांच्या जरा वर, कललेली असते आणि बरोबर ध्रुवाकडे पाहते. सकाळी नऊलाच गच्ची तव्यासारखी तापली होती. त्यावर पाय नाचवत चिरंजीवांनी गणित केलं. गणिताच्या पेपरात त्यांनी हा उत्साह दाखवला असता तर आमच्या घरातली शांतता वेगळीच असती. नव्वदातून काशीचे सव्वापंचवीस वजा, त्रिशंकूच्या तळच्या ताऱ्याचे त्रेसष्ट वजा. उरले दीड-पावणेदोन अंश.

"बाबा, पुण्याहून आठ अंश वर असतो. इथून दीड. म्हणजे तो बॉर्डरच्याही बॉर्डरवर आहे!"

दीड अंश म्हणजे हात लांब करून धरलेल्या करंगळीची जाडी, फार तर जराशी जास्त. रात्री नऊला अस्सी घाटावर आम्ही तिघं करंगळ्या धरून दक्षिणेकडे तोंड करून बसलो. तिकडे धुरळा, रामनगरच्या बाजूचे दिवे आणि कुणाच्या तरी लग्नाचा डीजे. चिरंजीवांच्या मोबाइलमधलं ॲप छातीठोकपणे सांगत होतं की त्रिशंकू समोर आहे, त्या हॅलोजनच्या मागे. शेजारी पान चघळत बसलेल्या एका बनारसी गृहस्थाने बराच वेळ आमच्या करंगळ्या पाहिल्या आणि अदबीने विचारलं, "गुरु, शौचालय खोजत हउआ का? ऊ पीछे बा."

मावशी त्यांना म्हणाली, "नाही हो, त्रिशंकू."

"ऊ त कर्मनासा में मिली," ते म्हणाले, आणि थुंकायला उठले.

आणि तिथून आमच्या यात्रेचा रंग पालटला. कारण परवा आम्हाला गयेला निघायचं होतं, आणि काशी ते गया या रस्त्यात कर्मनाशा नदी आडवी येते, हे मावशीला त्या क्षणी आठवलं. उलटा लटकलेल्या त्रिशंकूच्या तोंडातून लाळ गळली, तिची ही नदी झाली, अशी कथा आहे. तिचं पाणी अंगाला लागलं तर आजवरचं सगळं पुण्य खलास. नावातच आहे.

"सहा दिवसांचं पुण्य!" मावशी म्हणाली. "संगम, मणिकर्णिका, पंचगंगा, सगळं जाईल."

"मावशी, आपण पुलावरून जाणार. पाण्याला शिवायचंच नाही."

"पण पूल कुणी बांधलाय ते विचार."

आता या प्रश्नाचं उत्तर फारच मराठी आहे. पूर्वी यात्रेकरू माणसांच्या खांद्यावर बसून ही नदी ओलांडत. त्रिस्थळी करणाऱ्या दक्षिणी माणसाला काशीहून गयेला जायला ती चुकत नसे. म्हणून नाना फडणवीसांनी नौबतपूरजवळ तिच्यावर पूल घालायला घेतला. सगळ्या हिंदुस्थानच्या राजकारणाचा पाया घालणाऱ्या नानांना इथल्या वाळूत मात्र पाया लागला नाही. 1800 साली नाना गेले, पूल तसाच राहिला. पुढे बनारसच्या टाकसाळीतला जेम्स प्रिन्सेप, म्हणजे अशोकाची ब्राह्मी लिपी ज्याने वाचली तोच, त्या कामात पडला, बनारसच्या राय पटनीमल यांनी पैसा घातला आणि 1831 च्या सुमारास दगडी पूल उभा राहिला. तेव्हा मावशीला मी एवढंच सांगितलं की पूल नाना फडणवीसांचा. बाकीची दोन नावं गिळली. तिला जरा धीर आला.

मधला एक दिवस हिंदू विश्वविद्यालयात गेला. जयंत नारळीकरांचं बालपण याच आवारात गेलं. वडील विष्णु वासुदेव नारळीकर इथे गणिताचे प्रमुख होते. 'चार नगरांतले माझे विश्व'मधलं पहिलं नगर हेच. मराठीत विज्ञानकथा लिहायला घेतली तेव्हा नारळीकरांनी पहिली कथा टोपणनावाने स्पर्धेला धाडली होती, हे ऐकून चिरंजीवांना ते एकदम जवळचे वाटले. गेममध्ये त्यांचंही नाव वेगळंच आहे.

निघायच्या दिवशी पहाटे पाचला गाडी आली. ड्रायव्हर चंदौलीकडचा, पस्तिशीचा, गमछावाला. कर्मनाशेपाशी थोडं थांबू म्हटल्यावर त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "उहाँ देखे के का है, बाबूजी? भैंस है."

गंगा ओलांडली, मोगलसराय गेलं. (2018 पासून स्टेशनच्या पाटीवर दीनदयाळ उपाध्याय आहे, ड्रायव्हरच्या तोंडी मात्र अजून मोगलसराय.) पुढे सय्यदराजा. जसजशी हद्द जवळ येऊ लागली तसतशी रस्त्याकडेची दारूची दुकानं दाट होत गेली. चिरंजीवांनी विचारलं तेव्हा ड्रायव्हरने खुलासा केला: नदीपलीकडे बिहार, तिथे 2016 पासून दारूबंदी. पलीकडच्यांची तहान अलीकडे भागते. इतकी वर्षं पुण्य बुडवणारी नदी आता दुसऱ्या कारणाने लोकांना तोल सांभाळायला लावते आहे.

"कॉन्ट्राबँड रूट," चिरंजीव पुटपुटले. त्यांच्या ताऱ्यावरही हाच धंदा चालतो म्हणे.

मग ती आली. मी मनात काहीतरी काळं, खळाळतं धरून बसलो होतो. मे महिन्यातली कर्मनाशा म्हणजे मोठ्या पात्रात विसरून राहिलेलं थोडं हिरवट पाणी. त्यात सात म्हशी. डोळे अर्धे मिटून, पाठीवर एकेक बगळा. जन्मोजन्मीचं पुण्य बुडालेल्या जिवाच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी पाहिलेलं नाही. काठाला दोन पोरं एकमेकांवर पाणी उडवत होती.

गाडी पुलावर चढली आणि मावशीने दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले. वय 74, गुडघ्यांचं ऑपरेशन एकाच बाजूचं झालेलं, पण मांडी घातली. गंगाजलाचे तीन डाक दिलेले तांब्याचे गडू तिने छातीशी उंच धरले. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि काही न बोलता वेग वाढवला. मी मात्र मनात 2019 चा डिसेंबर आणू नये म्हणून धडपडत होतो. तेव्हा महामार्गावरच्या इथल्या पुलाच्या खांबांना तडे गेले होते आणि वाहतूक बंद करावी लागली होती. मावशीला ते सांगितलं असतं तर ती पाय टपावर घेऊन बसली असती.

"बाबा, इथे खरी लढाई कधी झाली होती का?"

झाली होती. ही नदी खाली चौसा इथे गंगेला मिळते. 1539 च्या जूनमध्ये हुमायूनचा तळ त्या दुआबात आणि समोर शेरशहा. तहाची बोलणी चालू. बोलणी चालू आहेत म्हणून हुमायूनची फौज निवांत झोपली आणि 26 जूनला पहाटे शेरशहाने झोपेतच गाठली. बादशहाने गंगेत उडी घेतली, बुडू लागला, तेव्हा निजाम नावाच्या भिस्त्याने फुगवलेल्या पखालीवर त्याला पलीकडे नेलं. उतराई म्हणून हुमायूनने पुढे त्या भिस्त्याला काही काळ तख्तावर बसवलं.

चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या गेममध्ये पखाल नाहीये."

पलीकडे नाका. गणवेशातल्या एका भल्या माणसाने खिडकीतून आत पाहिलं तर एक वृद्ध बाई मांडी घालून, तीन सीलबंद भांडी छातीशी धरून, डोळे मिटून ओठ हलवत बसलेली. संशय यायला आणखी काय हवं?

"अम्माजी, ई का है?"

"गंगा," मावशी डोळे न उघडता म्हणाली.

त्याने एक गडू मागितला. कानाशी धरून हलवला. डाकाभोवती नाक फिरवलं. पुन्हा हलवला. मग काय झालं कोण जाणे, त्याने टोपी काढली, गडू कपाळाला लावला आणि दोन्ही हातांनी परत दिला. "जाइए माई. हमरे लिए भी गयाजी में हाथ जोड़ दीजिएगा."

मावशीने आता कुठे पाय खाली सोडले. मुंग्या आल्या होत्या म्हणून पुढचा तास मी आणि चिरंजीवांनी तिचा एकेक पाय चेपला. मोबाइल सीटखाली पडला होता.

दुपारी मोहनियाच्या पुढे एका ढाब्यावर जेवायला थांबलो. ड्रायव्हरने आपला डबा उघडला. भात पांढराशुभ्र, लांब, वाफेचा वास अजून होता. मावशीने कौतुक केलं, काशीतल्या भोजनालयात असाच भात मिळायचा म्हणाली.

"उहै होगा," ड्रायव्हर म्हणाला. "चंदौली का चाउर है. पूरा बनारस खाता है. हमरे घर का भी जाता है."

"पाऊस बरा होतो का तिकडे?" मी विचारलं. न विचारता राहिलो असतो तर बरं.

"बारिस का का भरोसा, बाबूजी. नहर है न. मूसाखांड बाँध से. कर्मनासा का पानी."

मावशीने हिशेब केला. पाच दिवस, दोन वेळा. काशीत शेवटच्या दिवशी तिने भात दुसऱ्यांदा मागून घेतला होता, तोही धरला असावा. मग ड्रायव्हरला विचारलं, "गयेला पिंडाला चांगले तांदूळ मिळतात का रे? नाही तर तुझ्याकडचे किलोभर दे."

काशीहून गयेला मोटारीने जाणार असाल तर पुलावर पाय वर घ्यायची काही गरज नाही. गडू मात्र डिकीत टाकू नका. नाक्यावर चटकन हाताशी लागतात.