श्रीयुत होरायझनराव यांस अनावृत पत्र



आपलं खरं नाव आपल्या फोटो मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे, पण आता ते कुणाच्या तोंडात येत नाही. फोटो कुणाचा का असेना, आपला पहिला शब्द ‘होरायझन’. मागे एकाने मांजराचा क्लोजअप टाकला होता, त्यातही आपण तो शोधून काढलात. (मांजर सोफ्यावर होतं. सोफा कलला होता, हे मान्य.)

पत्रास कारण की, गेल्या वारीत मी दिवे घाटात सकाळपासून डोंगराच्या अंगाला ठाण मांडून बसलो होतो. दुपारी माउलींची पालखी घाट चढू लागली. सहाशे फ्रेम मारल्या, रात्रभर चाळून एक निवडली आणि ग्रुपवर टाकली. खाली नम्रपणे लिहिलं, ‘प्रामाणिक मत द्या, झोडपलंत तरी चालेल.’ लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापतात ना, त्यातला तो प्रकार. ती ओळ आपण शब्दशः घ्याल असं वाटलं नव्हतं.

चौथ्या मिनिटाला निकाल आला. ‘होरायझन सात अंश तिरका. वारकरी शार्प नाहीत. पांढऱ्या टोप्यांचे हायलाइट उडालेत. रूल ऑफ थर्ड्स पाहावा. बाकी छान.’

त्या ‘बाकी छान’मध्ये नेमकं काय उरलं होतं, हे मी अजून शोधतो आहे. माझ्या मते फक्त आभाळ.

गैरसमज नसावा. आपल्या डोळ्याबद्दल मला नितांत आदर आहे. आपल्याआधी ज्यांनी हे व्रत घेतलं त्यांची परंपरा मोठी आहे. बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुटली १८५३ साली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. म्हणजे एकमेकांच्या फोटोंना नावं ठेवायची सोय आपल्याकडे आगगाडीपाठोपाठच आली. रूल ऑफ थर्ड्स तर कॅमेऱ्याहून म्हातारा. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने तो १७९७ साली छापला, निसर्गचित्रांसाठी. कॅमेऱ्याने टिपलेलं आणि आजवर टिकलेलं पहिलं चित्र त्यानंतर तीसेक वर्षांनी आलं. जन्मायच्या आधीच कुंडली मांडलेली! मग आपल्यासारख्या जाणकाराने ती जुळवून पाहिली तर चुकलं काय?

आपल्या परदेशी गुरुबंधूंचा एक पराक्रम तर मी कौतुकाने सांगत असतो. २००६ साली फ्लिकरवर एक गट होता. तिथे फोटो टाकायचा आणि सभासदांनी तो ठेवावा की उडवावा यावर मत द्यायचं. एका खट्याळ माणसाने तिथे एक कृष्णधवल फोटो टाकला: वरून दिसणारा वळणदार जिना आणि खालच्या रस्त्यावरून सुसाट निघालेला, धूसर झालेला सायकलस्वार. सभासद तुटून पडले. सगळंच धूसर, मग सायकलचा वेग कळणार कसा? फोटो इतका लहान का? असले सवाल झाले आणि उडवा, उडवा असा कौल पडत गेला. तो फोटो ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३२ साली फ्रान्समधल्या इएर गावात काढलेला होता, जगातल्या नावाजलेल्या छायाचित्रांपैकी एक. ब्रेसाँ २००४ सालीच गेले होते, म्हणून सुटले. नाहीतर पुढच्या वेळी ट्रायपॉड न्या, हे त्यांना ऐकावं लागलं असतं.

आपल्या विरोधी पक्षाबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. तो ‘जाळ दादा’, ‘कडक’, ‘नजर काढा’वाल्यांचा. त्यांचं सगळं वाणासारखं चालतं. मी त्यांच्या कासच्या फुलांना अप्रतिम म्हणायचं, त्यांनी माझ्या भिगवणच्या फ्लेमिंगोंना अप्रतिम म्हणायचं. घरी गेल्यावर दोघांच्याही पिशवीत तीच प्लास्टिकची डबी. माझ्या घाटाच्या फोटोला असे एकोणीस अप्रतिम मिळाले. ते मी दोनदा मोजले. खोटं कशाला बोलू, आपल्या चार ओळींपेक्षा मला तेच गोड लागले. पण त्या एकोणीसांत एकानेही विचारलं नाही की दिंडीच्या शेवटी मागे राहिलेली ती बाई थांबून वळून काय बघते आहे. आपण तर नाहीच विचारलं. आपण टोप्यांत गुंतला होतात.

इथवर लिहून मी पत्र संपवणार होतो. पण एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिचे साक्षीदार आपणच आहात.

दोन महिन्यांपूर्वी मंडळात नव्याने आलेल्या एका मुलीने फोनवर काढलेला फोटो टाकला होता. तिचे आजोबा लोखंडी खाटेवर बनियनवर बसून लसूण सोलताहेत. खिडकीतून येणारा उजेड थेट बोटांवर. मागच्या भिंतीवर, बरोबर त्यांच्या कानाशी, एक लहानशी तसबीर. मी तेव्हा आपला एकनिष्ठ शिष्य होतो. लिहिलं, ‘डोक्यातून फ्रेम उगवल्यासारखी दिसते. बॅकग्राउंड डिस्टर्ब करतंय. क्लोन करून काढलीत तर पोर्ट्रेट स्वच्छ होईल.’ माझ्या त्या मताला सात अंगठे आले. पहिला आपला होता.

‘हो सर,’ तिने लिहिलं.

तासाभराने आणखी एक ओळ आली. ‘सर, ती आजी आहे.’

मी फोटो मोठा करून पाहिला. तसबिरीला चंदनाचा हार होता. सात जणांनी आणि मी तो पाहिला नव्हता. आम्ही कडा पाहत होतो. त्यावर मी काय लिहिलं असेल? ‘ओके. नाइस.’ माफ कर, असं लिहायला हवं होतं. ते तीन वेळा टाइप केलं आणि तीन वेळा खोडलं, कारण ग्रुपवर सगळे बघत होते. दुसऱ्या दिवशी तिने फोटो काढून घेतला. त्यानंतर तिने काही टाकलेलं नाही. ‘अप्रतिम’वाल्यांनीही तिला विचारलं नाही, कारण तिच्याकडून परत वाण यायची आशा नव्हती.

तेव्हा होरायझनराव, एक विनंती. ती परत काही टाकेल, तेव्हा कृपया आपण पहिली चार मिनिटं चहा घ्यावा. मीही घेईन. फोटोत कोण आहे, काय चाललंय, हे आधी बघू. अंश मोजायला रात्र आपलीच आहे.

कळावे, लोभ आहेच, तो थोडा कमी करावा.

आपला,
एक तिरका सभासद

ता. क. : आपण सांगितल्याप्रमाणे दिवे घाटाचा फोटो सात अंश फिरवला. आपण ज्याला होरायझन समजलात तो चढाचा रस्ता होता. तो आता अगदी आडवा झाला आहे. पालखी घाट न चढताच सासवडला पोचते. ती मागे राहिलेली बाई मात्र क्रॉपमध्ये गेली.