स्मृतीचे कारभारी

तालुक्याच्या गावी तहसीलदार असतो, फौजदार असतो, पाटबंधाऱ्याचा शाखा अभियंता असतो. आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत या मातब्बर मंडळींच्या पंक्तीला, कोणत्याही सनदेवाचून व राजपत्रातील नोंदीवाचून, आणखी एक असामी येऊन बसली आहे. पतसंस्थेच्या मागल्या खोलीत, जुन्या कर्जरोख्यांच्या बस्त्यांशेजारी, अहोरात्र घुमणाऱ्या सर्व्हरची निगराणी ज्याच्याकडे असते तो हा गृहस्थ. त्याची नेमणूक कोणत्या सभेत, कोणत्या ठरावान्वये झाली, हे संचालकांपैकी कोणालाही सांगता येत नाही. तो एकदा प्रिंटर दुरुस्त करावयास आला आणि राहिला, इतकाच त्याचा ज्ञात इतिहास. शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत या वर्गाचे जे नमुने माझ्या पाहण्यात आले, त्यांचा स्वभाव, शब्दसंग्रह आणि औषधयोजना यांत इतके विलक्षण साम्य होते की, त्या सर्वांना मिळून ‘कारभारी’ हे एकच नाव देण्यात कोणावर अन्याय होईल असे मला वाटत नाही.

शहापूरला आगगाडी लाभली ती आसनगावच्या नावाने, आणि मुरबाडला तर ती अद्याप लाभलेलीच नाही. त्यामुळे ठाण्या-कल्याणचा शिकलेला अभियंता या बाजूला आलाच तर उशिरा येतो आणि त्याचे अर्धे चित्त परतीच्या गाडीकडे असते. या पोकळीत कारभाऱ्याचे साम्राज्य उभे आहे. किन्हवली-सरळगावच्या रस्त्याने, भर आषाढात, स्वतः भिजत आणि लॅपटॉपला रेनकोट पांघरून तो मोटारसायकलवरून या तालुक्यातून त्या तालुक्यात जातो. त्याच्या पिशवीत एक पेचकस, चंदेरी पाकिटात जपलेली रॅमची पट्टी आणि एक शाळकरी खोडरबर हमखास असते. यंत्र सुरू होईनासे झाले की पट्टी उपसावयाची, तिच्या कडेचे सोनेरी दात खोडरबराने घासावयाचे आणि ती पुन्हा बसवावयाची, हा त्याच्या विद्येचा पहिला पाठ. आणि खरे सांगावयाचे तर पुष्कळदा यंत्र तेवढ्याने सुरूही होते. या आरंभीच्या यशातच त्याच्या पुढील सर्व तत्त्वज्ञानाचे बीज आहे: जगातील यच्चयावत दुखण्यांचे मूळ मेमरीत असते.

खिडकीवरील बाई म्हणाल्या, “भाऊ, पासबुक छापताना मधली ओळ गळतेय,” तर कारभारी गंभीरपणे मान हलवून उत्तरतो, “मेमरी कमी पडतेय, ताई.” पिग्मी एजंटाच्या यंत्रातील दिवसाचा भरणा संध्याकाळी उतरला नाही, मेमरी. व्याजाच्या पत्रकात एका खातेदाराचे नाव दोनदा आले, तरीही मेमरीच. संचालकांना हे निदान फार प्रिय आहे, कारण त्यात कोणाचीही कसूर निघत नाही.

संस्थेच्या हिशेबाखाली पोस्टग्रेस नावाचा, विनामूल्य मिळणारा डेटाबेस आहे. त्याच्या मेमरीची सारी तजवीज एका साध्या मजकुराच्या फाईलीत लिहिलेली असते. शेअर्ड बफर्स, म्हणजे सर्वांच्या सामाईक वापराची जागा, मुळात १२८ एमबी. वर्क मेम, म्हणजे नोंदी क्रमाने लावण्यास किंवा जुळविण्यास द्यावयाची जागा, ४ एमबी. आणि एका वेळी आत घ्यावयाच्या जोडण्या १००. लहानातल्या लहान यंत्रावरही डेटाबेस उभा राहावा अशा बेताचे हे आकडे आहेत. परंतु ८ जीबीच्या यंत्रात १२८ एमबी हा आकडा वाचून कारभाऱ्याला तो आपलाच अपमान वाटला. एकूण मेमरीचा चौथा हिस्सा शेअर्ड बफर्सला द्यावा, चाळीस टक्क्यांच्या पलीकडे गेल्याने बहुधा लाभ नाही, असे पोस्टग्रेसच्या मार्गदर्शिकेतच नमूद आहे. कारण फाईली वाचताना खालच्या लिनक्सनेही आपल्याकडे काही साठा राखला असेल, या भरवशावर हा डेटाबेस चालतो. कारभाऱ्याने हे वाचले नव्हते असे नव्हे. त्याने ते वाचले, आणि त्याला ते कद्रूपणाचे वाटले. त्याने ८ पैकी ६ जीबी मंजूर केले.

वास्तविक या मुलखातील माणसाला हा हिशेब कोणी शिकवावयास नको होता. तानसाचे धरण १८९२ पासून उभे आहे, पुढे वैतरणा आणि भातसा यांची भर पडली. त्या सर्वांचे पाणी मुंबईला जाते, आणि चैत्र-वैशाखात धरणांच्या कुशीतल्या पाड्यांवर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंडे रांगेत बसतात. कारभारी स्वतः अशाच एका पाड्यावरचा. या अन्यायावर त्याने ग्रामसभेत केलेले भाषण मी ऐकले आहे आणि ते उत्तम होते. मात्र मागल्या खोलीत बसल्यावर त्याच माणसाने एका बड्या कुळाला सारा जलाशय बहाल केला, आणि लिनक्स, बॅकअप, छपाई व शंभर जोडण्या यांनी उरलेल्या दोन जीबींत आपापले हंडे भरावेत अशी व्यवस्था केली.

आता गंमत अशी की, शेअर्ड बफर्सचा नवा आकडा डेटाबेस बंद करून पुन्हा चालू केल्याखेरीज अमलात येत नाही. फाईलीत काहीही लिहा, चालू कारभार जुन्याच आकड्यावर चालतो. कारभाऱ्याने आकडा लिहिला, फाईल जतन केली, रोजनाम्यात ‘मेमरी वाढविली’ अशी नोंद केली आणि बाहेर येऊन, हात पुसत पुसत, “फरक जाणवतोय ना?” अशी पृच्छा केली. रोखपाल म्हणाले, जाणवतो. खिडकीवरील बाई म्हणाल्या, “हो तर, चटाचट उघडतंय!” व्यवस्थापकांनी चहा मागविला, आणि आभाराचा ठराव घ्यावा असेही कोणी सुचविले. त्यानंतर जवळजवळ दोन महिने ती संस्था १२८ एमबीवरच चालली आणि त्या अवधीत तेथील सर्व माणसे नव्या वेगाने सुखी होती.

श्रावणात एका रात्री वीज गेली, इन्व्हर्टरनेही मान टाकली, आणि सकाळी यंत्र नव्याने सुरू झाले तेव्हा सहा जीबींचा हुकूम पहिल्यांदा अमलात आला. डेटाबेस ती जागा एकदम व्यापीत नाही; नोंदींची पाने जसजशी वाचली जातात तसतशी ती भरत जाते. म्हणून पहिला दिवस सुखरूप गेला, दुसऱ्या दिवशी बॅकअप रेंगाळला, आणि तिसऱ्या दिवशी लिनक्सने आपले बिऱ्हाड हार्ड डिस्कवरील स्वॅपमध्ये हलविण्यास प्रारंभ केला. कारभारी आला, त्याने पाहणी केली, ‘विजेच्या झटक्याने मेमरी अशक्त’ असा पंचनामा केला आणि उपाय म्हणून वर्क मेम ४ वरून ६४ एमबी केले. जाता जाता इफेक्टिव्ह कॅशे साइझच्या ओळीत त्याने ६४ जीबी लिहिले. त्या ओळीने मेमरीचा एक कणही दिला जात नाही. खाली साठा किती आहे असे गृहीत धरून बेत आखावा, एवढेच ती डेटाबेसच्या नियोजकाला सांगते. नियोजक बिचारा लेखी आकड्यावर विश्वास ठेवणारा; सर्व काही जवळच मिळेल अशा समजुतीने तो बेत आखू लागला आणि दर खेपेस हार्ड डिस्कच्या दारात जाऊन उभा राहू लागला.

वर्क मेमचा खरा स्वभाव कळला तो ३१ मार्चला. ही मर्यादा संस्थेला नाही, माणसालाही नाही. प्रश्नामधील प्रत्येक वर्गवारीला ती स्वतंत्रपणे लागू होते. दोन्ही तालुक्यांतील शाखा मिळून तीस जोडण्या, प्रत्येकीच्या व्याजपत्रकात तीन वर्गवाऱ्या, दर वर्गवारीला ६४ एमबीपर्यंत मुभा: ५,७६० एमबींची मागणी, आणि शिल्लक दोन जीबींहून कमी. अशा वेळी लिनक्सच्या गाभ्यात एक निर्दय अंमलदार जागा होतो आणि बहुधा सर्वांत अधिक मेमरी अडवून बसलेल्याचा निकाल लावतो. त्याने डेटाबेसची एक प्रक्रिया मारली. सामाईक जागा बिघडली असेल या शंकेने डेटाबेसने उरलेल्या सर्वांना बाहेर काढले आणि स्वतःला नव्याने उभे केले. कायम झालेली एकही नोंद हरवली नाही. पोस्टग्रेसच्या या गुणाचे श्रेय कारभाऱ्याने विनयपूर्वक स्वीकारले.

संचालक मंडळाने ३२ जीबी मेमरी खरेदीस मंजुरी दिली. खातेदारांच्या सह्या व छायाचित्रे धरून संस्थेचा सारा डेटाबेस ११ जीबींचा. तो आता सबंधच मेमरीत मावू लागला आणि कामे खरोखरच झपाट्याने होऊ लागली. ‘मी पहिल्यापासून सांगत होतो,’ या वाक्याला या भूतलावर उत्तर नाही.

मुरबाड शाखेत नुकतीच एक संगणकशास्त्राची पदवीधर मुलगी रुजू झाली आहे. तिने अदबीने सुचविले, “काका, शेअर्ड बफर्स आठच ठेवू या का?”

“बाळ, दिलेलं परत घ्यायचं नसतं,” असे म्हणून कारभाऱ्याने अठ्ठावीस लिहिले, फाईल जतन केली, रोजनामा भरला आणि नेहमीप्रमाणे डेटाबेस पुन्हा चालू न करताच तो उठला. मोटारसायकल सरळगावच्या रस्त्याला लागल्याची खात्री होताच मुलीने अठ्ठावीस खोडून आठ केले आणि संध्याकाळी खिडक्या बंद झाल्यावर डेटाबेस नव्याने सुरू केला. दुसऱ्या दिवशी सकाळी, फरक जाणवतोय ना, असे विचारण्यासाठी कारभाऱ्याचा फोन आला.

“खूप, काका,” ती म्हणाली.