सफरचंदपारखी

छत्रपती संभाजीनगरच्या शिवारात सफरचंद पिकत नाही. सफरचंदाचे पारखी मात्र बारमाही पिकतात. दौलताबादचे सीताफळ, जालन्याची मोसंबी किंवा मराठवाड्याचा केसर आंबा घेताना हा गृहस्थ भावापलीकडे चकार शब्द काढत नाही. या फळांतले सगळ्यांनाच कळते, त्यामुळे तिथे मोठेपणाला वाव नसतो. दीड-दोन हजार किलोमीटरवरून आलेल्या सफरचंदापुढे मात्र त्याला कंठ फुटतो. सिडको, गारखेडा, उस्मानपुरा या भागांत त्याची वस्ती दाट आहे. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी संपलेली किंवा संपत आलेली, हातात कापडी पिशवी आणि खिशात जवळचा चष्मा. तो बहुधा पुरुष असतो. त्याचे कारण पुढे स्वयंपाकघराच्या ओघात येईल.

पारखीचे ज्ञान हंगामाप्रमाणे बदलते. जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलचा माल उतरू लागला की तो शिमला, कुल्लू आणि किन्नौर यांतला फरक सांगू लागतो. किन्नौर उंचावरचे, म्हणून उशिरा येणारे, कडक आणि टिकाऊ, हे त्याचे म्हणणे खरे असते. त्यानंतर सॅम्युअल स्टोक्स येतात. या अमेरिकन गृहस्थांनी १९१६ साली कोटगढला अमेरिकेतून डिलिशियसची रोपे आणली आणि सिमल्याच्या डोंगरांचे अर्थकारण बदलले, हा इतिहास पारखी शहागंजातल्या गाडीवाल्याला उभ्याउभ्या ऐकवतो. गाडीवाला शांतपणे ऐकून घेतो आणि विचारतो, “चाचा, एक किलो करूं के दो?”

सप्टेंबरपासून काश्मीरचा माल येतो, दसरा-दिवाळीच्या सुमारास भाव उतरतात आणि पारखी हळवा होतो. “अंबरी आता कुठे मिळते हो!” हा उद्गार या दिवसांत सक्तीचा असतो. अंबरी ही काश्मीरची स्वतःची, सुवासिक आणि टिकाऊ जात. लालभडक डिलिशियसच्या लागवडीपुढे ती मागे पडली. हा उद्गार काढणाऱ्याने अंबरी कधी खाल्लेली असतेच असे नाही. हिवाळा सरल्यावर येणारा माल शीतगृहातला असतो. तिथे प्राणवायू कमी ठेवून फळाचा श्वास मंद करतात, म्हणून ऑक्टोबरात तोडलेले सफरचंद एप्रिलमध्येही करकरीत लागते. पारखी त्याला तुच्छतेने ‘स्टोअरचा माल’ म्हणतो आणि दोन किलो घेतो.

एप्रिल ते जुलै हा परदेशी फळांचा, म्हणजेच पारखीच्या परराष्ट्र धोरणाचा काळ. न्यूझीलंड आणि चिलीचे गाला, हिरवे ग्रॅनी स्मिथ, जपानमध्ये जन्मलेले फुजी ही नावे तो आता घरच्या माणसांसारखी घेतो. चीनमधून येणाऱ्या सफरचंदांवर भारताने २०१७ मध्ये बंदी घातली, अमेरिकन सफरचंदांवर २०१९ मध्ये जादा शुल्क बसवले आणि २०२३ मध्ये ते काढले, हे त्याला तारीखवार पाठ असते. घरातल्या गॅसच्या सिलिंडरचा नंबर कधी लावला, हे मात्र विचारावे लागते.

फळ तपासण्याची त्याची रीत ठरलेली आहे. आधी रंग, मग अंगठ्याने दाब, मग नारळ वाजवावा तसे कानाशी धरून टिचकी. “चाचा, दबाओ मत, दाग पडते,” असे गाडीवाल्याने म्हणेपर्यंत चार फळे दाबून झालेली असतात. यानंतर तो नखाने साल खरवडतो आणि मेण निघाले की आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना दाखवतो. वस्तुस्थिती अशी की सफरचंदाला जन्मतःच मेणाचा थर असतो. पॅकिंगपूर्वी धुताना तो जातो, म्हणून वरून पातळ लेप देतात. लाखेपासूनचे शेलॅक किंवा कार्नोबा ताडाचे मेण यासाठी चालते. स्टिकरबाबतही त्याचे ज्ञान निम्मेच असते. परदेशी फळावरच्या चार आकड्यांत जात आणि आकार सांगितलेला असतो: ४०१६ म्हणजे मोठे रेड डिलिशियस, ४०१७ म्हणजे मोठे ग्रॅनी स्मिथ. पाच आकडी आणि ९ ने सुरू होणारा क्रमांक सेंद्रिय मालाचा. ‘बेस्ट क्वालिटी’ एवढेच छापलेल्या स्टिकरला मात्र काहीही अर्थ नसतो, आणि पारखी नेमका त्यालाच भुलतो.

त्याची मोठी चूक रंगात होते. तो सर्वांत लाल फळ निवडतो. डिलिशियसच्या बागायतदारांनी वर्षानुवर्षे अधिकाधिक लाल होणारी झाडे निवडून वाढवली, त्यामुळे आज लाली पिकण्याच्या आधीच चढते आणि गोडीची हमी देत नाही. देठाकडचा किंवा बुडाकडचा हिरवेपणा पिवळसर झाला आहे का, फळ हातात जड लागते का आणि त्याला वास आहे का, एवढे पाहणे पुरे. पट्टेदार, थोडे फिकट फळ कित्येकदा जास्त चवदार निघते, पण ते पाहुण्यांपुढे ठेवायला पारखीला कमीपणा वाटतो.

पारखीचे तीन पोटप्रकार आढळतात. पहिला घाऊक. तो भल्या सकाळी जाधववाडीच्या बाजार समितीत जाऊन पेटी आणतो आणि अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये ती चार घरांत वाटतो. वरचा थर सगळ्यांना दाखवायचा असतो, तळचा थर कोणाच्या वाट्याला जाणार यावर संबंध ठरतात. दुसरा वैद्यकीय. घाटी रुग्णालयात कोणी दाखल झाले की कोणते सफरचंद न्यावे, याचा सल्ला तो देतो. रुग्णाला काय झाले आहे, ही चौकशी त्यानंतर. तिसरा बागायती. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातील हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारी एचआरएमएन-९९ ही जात काढली आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे वाचून तो अंगणात रोप लावतो. डिलिशियसला सात अंशांखालची थंडी सुमारे हजार तास लागते, ही जात त्याहून पुष्कळ कमीवर भागवते. तरी मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे गेला की पारखी रोपावर साडीचा आडोसा धरतो, आणि साडी कोणाची हा वेगळा विषय होतो.

आता स्वयंपाकघर. इंग्लंडात शिजवण्याची सफरचंदे वेगळीच पिकवतात. तिथले ब्रॅमली इतके आंबट असते की ते सहसा कच्चे खात नाहीत. मराठी घरात शिजवायची जात वेगळी नसते. जे चार दिवसांत कोणी खाल्ले नाही, ते शिजवायचे. पारखीने दोनशे रुपये किलोने आणलेले अमेरिकेचे ‘वॉशिंग्टन’ सफरचंद आठवड्याने पिठूळ होते, कारण पेशींना जोडणारे पेक्टिन सैल पडते. दाताखाली पेशी फुटण्याऐवजी सुट्या होतात आणि रस तोंडात उतरत नाही. मग आतून आवाज येतो, “अहो, तुमचं वॉशिंग्टन किसायला घेतलंय!” वॉशिंग्टनचा शिरा होतो आणि तो उत्तम होतो, कारण तूप, साखर आणि वेलदोडा यांना जातीशी देणेघेणे नसते.

जातीचे खरे ज्ञान इथेच दिसते, आणि ते गाजावाजा न करता वापरले जाते. आंबट, घट्ट ग्रॅनी स्मिथच्या फोडी झटपट लोणच्यात कैरीची उणीव भरून काढतात आणि पायमध्येही आकार सोडत नाहीत. काश्मिरी महाराजी आंबटसर असल्याने चटणीला चांगले. पिवळे गोल्डन बागेत मुख्यतः डिलिशियसच्या परागीकरणासाठी लावले जाते आणि गाडीवर त्याला भाव कमी, पण हलव्याला तेच बरे. लाल डिलिशियस कच्चेच खावे किंवा कोशिंबिरीत घालावे. शिजल्यावर त्याची चव मरते. खिरीसाठी कीस आधी तुपावर परतून, निववून मग थंड दुधात घालायचा, नाहीतर फळातल्या आम्लाने दूध फाटते. हे सारे ज्या बाईला ठाऊक असते, ती बाजारात पाच मिनिटांत पिशवी भरून परत येते. तिची गणना पारखींत होत नाही.

तात्पर्य, सफरचंदपारखी शेजारी जरूर असावा. हंगाम कोणता आणि माल कुठला, हे तो बिनचूक सांगतो. खरेदीला मात्र त्याला बरोबर नेऊ नये, आणि शिजवायचे असेल तर त्याच्या घरी फोन करून वहिनींना विचारावे.