अस्सल नकलेचे नाना

निवृत्तीनंतर खानदेशातला माणूस साधारणपणे तीन दिशांना जातो: शेताकडे, सप्ताहाकडे किंवा सोसायटीच्या राजकारणात. नाना चौथ्या दिशेला गेले. ते माळ्यावर गेले आणि तिथे त्यांनी १९७५ साल मांडलं.

नानांचा व्यवसाय टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचा. जळगावात गोलाणी मार्केटच्या आसपास ज्यांनी पिक्चर ट्यूबच्या जमान्यात दुकानं चालवली, त्या पिढीचे ते. टीव्ही भिंतीला चिकटून सपाट झाला तेव्हा नानांनी शटर ओढलं. दुरुस्ती म्हणजे अख्खा बोर्डच बदलायचा, या प्रकाराला ते आजही दुरुस्ती म्हणत नाहीत. त्याला ते वकिली म्हणतात. हात रिकामे होते, सोल्डरिंग गन गरम होती, आणि अमेरिकेतल्या भाच्याने विचारलं, "मामा, येताना काय आणू?" लोक अशा वेळी परफ्यूम सांगतात. नानांनी आल्टेअर ८८०० या संगणकाच्या नकलेचं किट सांगितलं.

नानांची ही जात आता जगभर पसरली आहे. कुणी पीडीपी-११ ची नक्कल रास्पबेरी पायवर चालवतो, कुणी ॲपल-१ चा बोर्ड नव्याने जोडतो. पण आमच्याकडचा नमुना ओळखायला सोपा. मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस अंश असताना, पत्र्याखाली पंखा बंद करून बसलेला जो गृहस्थ दिसेल, तो हाच. पंखा बंद का, तर वाऱ्याने सोल्डर नीट बसत नाही.

आता यंत्राविषयी. मूळ आल्टेअर अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीच्या 'मिट्स' कंपनीने काढला. एड रॉबर्ट्स नावाच्या माणसाची ही कंपनी कॅल्क्युलेटरच्या धंद्यात बुडायला आली होती. 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर हा संगणक झळकला. आत इंटेलचा ८०८० प्रोसेसर, किंमत किटला चारशे डॉलरच्या आतबाहेर. कंपनीला काहीशे मागण्यांची आशा होती; आल्या हजारोंनी. मुंबईत दूरदर्शन सुरू होऊन तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षं झाली होती, आणि तिकडे लोक स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक जोडत होते.

संगणक म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं, त्यातलं यात काहीच नाही. निळसर-करड्या डब्याच्या तोंडावर २५ खटके आणि ३६ लाल दिवे. बस. पडदा नाही, कळफलक नाही, स्मृती २५६ बाइटची. तुमच्या मोबाइलमधला 'शुभ प्रभात'चा गुलाबसुद्धा तीत मावणार नाही. फार तर एखाद्या पाकळीची कड. यंत्राला जे सांगायचं ते खटके वर-खाली करून, आणि यंत्राला जे बोलायचं ते दिवे लावून.

पारोळ्याचे व्याही पहिल्यांदा माळ्यावर आले तेव्हाचा संवाद सगळ्या गल्लीने ऐकला.

"हाई काय शे, नाना?"

"कॉम्प्युटर शे."

"मंग टीव्ही कोठे शे?"

"टीव्ही नही शे."

"की-बोर्ड?"

"नही शे."

"मंग शे काय?"

या प्रश्नाचं उत्तर नाना अजून देत आहेत.

किट आलं त्यात सगळं होतं. पण नानांचं समाधान तयार पाकिटाने होत नाही. एक खटका त्यांना ढिला वाटला. बदली खटका शोधायला ते जुन्या ओळखीच्या दुकानांतून हिंडले. त्यांना हवा होता वर दाबला तरी आणि खाली दाबला तरी सोडल्यावर आपोआप मधे येणारा, स्प्रिंगचा, बारीक खटका. पत्त्याचे सोळा खटके लावले तिथे राहतात; खालच्या ओळीतले हुकमाचे खटके मात्र परत फिरतात. हा फरक काउंटरवरच्या पोराला समजावून झाला तेव्हा त्याने विचारलं, "काका, मोटार किती एचपीची आहे?" बारीक लाल एलईडी मागितला तर दुसऱ्याने नऊ वॅटचा बल्ब पुढे केला, वर दोन वर्षांची गॅरंटी.

दिव्यांचं काम तर विचारू नका. एलईडीचा लांब पाय धनाचा, आखूड पाय ऋणाचा. छत्तीस दिवे, बहात्तर पाय. नानांनी पस्तीस बरोबर लावले. छत्तिसावा उलटा बसला, तोही नेमका डी-५. चाळीस वर्षं लोकांचे टीव्ही दुरुस्त केलेल्या माणसाने हे कुणाला सांगावं? दोन दिवस ते 'अमेरिकन मालात आता पूर्वीसारखा दम राहिला नाही' असं म्हणत फिरले, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे, काकू उठायच्या आत, दिवा फिरवून बसवला.

यंत्र सुरू झालं तेव्हा मी साक्षीला होतो. पहिला कार्यक्रम बेरजेचा. आल्टेअरच्या मूळ माहितीपुस्तिकेतही तोच आहे. दोन अधिक तीन. आधी पत्ता शून्य करून 'एक्झॅमिन'चा खटका. मग पहिली आज्ञा ०७२: डावीकडून दोन खटके खाली, पुढचे तीन वर, मग खाली, वर, खाली. 'डिपॉझिट'. पुढची २००. 'डिपॉझिट नेक्स्ट'. पुढची ०००. असे आज्ञांचे चौदा बाइट, त्यावर बेरजेचे दोन आकडे वेगळ्या पत्त्यांवर ठेवायचे. मग परत शून्यावर या, 'रन' करा, 'स्टॉप' करा, उत्तराच्या पत्त्यावर जा. नानांचा चेहरा त्या वेळी सत्यनारायणाच्या पूजेला बसलेल्या यजमानासारखा असतो: मधे कुणी शिंकायचं नाही, हाक मारायची नाही, चहा विचारायचा नाही.

आठ दिव्यांतले दोन लागले. उजवीकडून पहिला आणि तिसरा.

"पाच!" नाना ओरडले.

खालून काकू म्हणाल्या, "वाजले का? मग दूध तापवते."

रावेरकडचे एक केळीवाले पाहुणे होते. त्यांना बेरजेत रस वाटला. म्हणाले, "नाना, आमचा क्विंटलचा भाव टाका बरं यात. कालचा आणि आजचा." नानांनी समजावलं की आठ खटक्यांत २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही, मोठ्या आकड्यांसाठी दोन-दोन घरं जोडावी लागतात, कार्यक्रम लांबतो. पाहुण्यांनी दिव्यांकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे भाव पार पडला, तरच चालंल हे मशीन."

खरी गंमत अशी की यंत्र मुळात नकली आहे. पाटी हुबेहूब, खटके हुबेहूब. आत मात्र ८०८० नसून अर्डुइनो ड्यू नावाचा एक बोर्ड आहे, आणि तो ८०८० असल्याचं सोंग करतो. हे सोंग इतकं चांगलं वठतं की १९७५ चे कार्यक्रम त्यावर जसेच्या तसे चालतात. वर त्या सोंगाड्याकडे सवलतीही पुष्कळ आहेत. स्मृती चौसष्ट हजार बाइटांपर्यंत. खटक्यांनी घातलेला कार्यक्रम साठवून ठेवायची सोय. दोन खटके दाबले की बेसिक भाषा हजर, जी मूळ यंत्रात कागदी फितीवरून भरावी लागे.

नाना यातलं काहीही वापरत नाहीत. नकली यंत्राच्या बाबतीत इतका सोवळा माणूस मी पाहिलेला नाही. ते पहिल्या २५६ बाइटांच्या बाहेर पाऊल टाकत नाहीत. मूळ यंत्राची स्मृती वीज गेली की कोरी होई, म्हणून ते काही साठवत नाहीत. आणि खानदेशात उन्हाळ्यात वीज जाते. बाराव्या बाइटाला जाते. नाना अंधारात शांत बसून राहतात आणि वीज आली की पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात. मधे त्यांनी इन्व्हर्टर घेतला. काकूंना वाटलं, कूलरसाठी. तो आल्टेअरला आहे. "मग आता वीज गेली तरी १९७५ चालू राहणार, हे अस्सल का?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "अमेरिकेत कुठे लोडशेडिंग होतं?"

अशा माणसाला प्रतिस्पर्धी हवाच. तो धुळ्यात आहे.

धुळ्याचे सर तंत्रनिकेतनातून निवृत्त. त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षं ८०८५ च्या प्रयोगशाळेत गेली. ज्यांनी महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, त्यांना ते किट आठवेल: पोलादी किंवा लाकडी पेटी, सोळा आकड्या-अक्षरांचा कीपॅड, लाल सात-रेघी आकडे आणि कुणी तरी आधीच उपटून ठेवलेली रिबन केबल. टेबलावर रमेश गावकरांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. ८०८५ हा ८०८० चा धाकटा भाऊ. थोरल्याच्या सगळ्या आज्ञा त्याच आकड्यांनी पाळतो, वर स्वतःच्या दोन जास्त. त्यामुळे आल्टेअरची नक्कल हाती आल्यावर सरांना नवं काही शिकावंच लागलं नाही. पोरांच्या वह्या तपासून सगळे कोड त्यांना पाठ. '७६' म्हटलं की सर आपोआप थांबतात, कारण ती 'हॉल्ट'ची आज्ञा.

भांडण इथेच आहे. सर षोडशमान पद्धतीचे, नाना अष्टमान पद्धतीचे. आल्टेअरच्या पाटीवर खटके तीन-तीनच्या गटांत मांडलेले असतात, म्हणून नाना म्हणतात ०७२. तीच आज्ञा सर '३ए' म्हणतात. उडी मारायची आज्ञा नानांची ३०३, सरांची 'सी३'. फोनवर तासतास चालतं.

"सर, १०७ बघा. एक म्हणजे हलव, शून्य म्हणजे बी, सात म्हणजे ए. ए मधलं बी मध्ये हलव. आकडा वाचला की अर्थ कळतो! तुमच्या ४७ मधून काय कळतं?"

"कळायचं काय त्यात? पाठ आहे."

"आणि पाटीवरचे गट?"

"नाना, आमच्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. पत्ता आकड्यात सांगायचा संस्कार आमच्यावर पहिल्यापासून आहे. तुमच्या हिशेबाने सातव्या गल्लीनंतर एकदम दहावी येते. पोस्टमनने काय करायचं?"

सरांनी त्यांच्या नकलेला लॅपटॉप जोडून बेसिक चढवलं आणि त्यात दोन अधिक तीन एका ओळीत करून दाखवलं, तेव्हा नानांनी आठवडाभर फोन उचलला नाही. त्यांच्या मते ही भेसळ होती. शेवटी सरांनी जुनं प्रकरण उकरून काढलं. म्हणाले, नाना, ज्या मुखपृष्ठामुळे हे सगळं सुरू झालं, त्यावरचा संगणक खरा नव्हता. खरा नमुना न्यूयॉर्कला पाठवताना वाटेत गहाळ झाला. फोटोतला डबा नुसता दिखाऊ, आत काही नाही. आणि बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी आल्टेअरचं बेसिक लिहिलं तेव्हा त्यांच्याकडे तरी आल्टेअर कुठे होता? हार्वर्डच्या मोठ्या पीडीपी-१० वर त्यांनी ८०८० चं सोंग उभं केलं आणि त्यावर लिहिलं. खऱ्या यंत्रावर ते पहिल्यांदा चाललं आल्बुकर्कीत.

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग नाना म्हणाले, "म्हणजे माझा डबा त्या फोटोतल्यापेक्षा अस्सल. माझ्यात निदान अर्डुइनो आहे."

समेट झाला. नाना यंत्र आणि काकूंना घेऊन एसटीने धुळ्याला निघाले. एरंडोल-पारोळामार्गे नव्वदेक किलोमीटर, डबा मांडीवर, वर टॉवेल. कंडक्टरने विचारलं, "काय आहे?" "कॉम्प्युटर." टॉवेल उचलून कंडक्टरने दिवे बघितले आणि काही न बोलता अर्ध्या तिकिटाचा विचार सोडून दिला. धुळ्यात सरांच्या हॉलमध्ये दोन यंत्रं शेजारी मांडली गेली आणि 'किल द बिट' खेळायचं ठरलं. १९७५ साली डीन मॅकडॅनिएलने लिहिलेला हा २४ बाइटांचा खेळ. एक दिवा रांगेतून पळत असतो. तो जिथे असेल तिथला खटका नेमक्या क्षणी मारायचा, की दिवा विझतो. चुकलात तर आणखी एक दिवा पेटतो. दोन तपस्वी, सत्तरीच्या उंबरठ्यावरचे, तासाभरात सगळे आठही दिवे पेटवून बसले. शेवटी सरांच्या सातवीतल्या नातीने येऊन चार फटक्यांत रांग विझवली आणि विचारलं, "पुढची लेव्हल?"

पुढची लेव्हल नाही, हे दोघांनी तिला एकाच वेळी, पण वेगवेगळ्या पद्धतीत समजावलं.

जेवताना शेवभाजीच्या ताटावर काकूंनी पहिल्यांदाच या विषयात रस दाखवला. हे यंत्र काढणाऱ्या माणसाचं पुढे काय झालं, असं त्यांनी सरांना विचारलं. सरांनी सांगितलं: एड रॉबर्ट्सने १९७७ साली कंपनी विकली, जॉर्जियात जाऊन शेती केली, मग मोठेपणी वैद्यकीय शिक्षण घेऊन एका लहान गावात डॉक्टर झाला, शेवटपर्यंत पेशंट तपासत राहिला.

काकूंनी वाटी खाली ठेवली. "म्हणजे सुटतं हे."

"त्याचं सुटलं सत्त्याहत्तर साली," नाना भाकरी मोडत म्हणाले. "आपलं अजून पंच्याहत्तर चालू आहे."