धामण मेली, उंदीर तिथेच

गेल्या आठवड्यात आमच्या आळीत पाच जणांनी मिळून एक धामण ठेचली. चांगली सहा फुटांची. परसात सरपणाच्या ढिगामागे ती दिसली, कुणीतरी ‘नाग, नाग’ म्हणून ओरडलं आणि काठ्या निघाल्या. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. फाटलेल्या पोटातून उंदराची शेपटी बाहेर आली होती. धामण कशासाठी आली होती, हे समोर पडलेलं असूनही कुणाला दिसलं नाही, याचा मला राग आहे.

धामण बिनविषारी. गाईच्या पायांना विळखा घालून ती दूध पिते, ही भाकडकथा आहे. सापाला आचळ चोखताच येत नाही. ती येते उंदरांमागे. उंदीर येतात मोरीपाशी टाकलेल्या खरकट्यावर आणि पडवीत उघड्या ठेवलेल्या भातावर. खरकटं तसंच राहिलं, तर उंदीर राहणार. आणि उंदीर घोणसही खाते.

दुसऱ्या दिवशी कुंपणाकडेने फोरेटचे दाणे टाकले गेले. साप हाकलायला नव्हे, तर पिकावरची कीड मारायला बनवलेलं हे विष. 2020च्या अखेरीपासून देशात त्यावर बंदी आहे. दाणे टिपणारी साळुंकी मरेल, कोंबडी मरेल; साप राहील. डांबरगोळ्यांनाही तो भीत नाही.

भीती खोटी आहे, असं मी मुळीच म्हणत नाही. 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने देशात सुमारे 12 लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यांतली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं घरातल्या प्रत्येकाला ओळखता आली पाहिजेत. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा दुखतही नाही; पहाटे पापण्या जड होतात, तेव्हा कळतं. म्हणून खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. अंधारात बॅटरीशिवाय परसात पाऊल टाकू नका. चिऱ्यांच्या ढिगात उघडा हात घालू नका, फुरसं तिथेच बसतं. चावलाच, तर चिरा देणं नको, करकचून बांधणं नको, मांत्रिक तर नकोच. हातपाय न हलवता थेट सरकारी दवाखाना गाठा. या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं.

साप दिसला, तर लांब उभं राहून नजर ठेवा आणि वनखात्याला 1926 वर फोन लावा. त्या दिवशी पाचही जणांच्या खिशात फोन होते.

सरपणाचा ढीग अजून मोरीला टेकूनच आहे. काल तिन्हीसांजेला त्यातून दोन उंदीर पडवीकडे पळाले.