रविवारी गुरुजी कुठे असतात?

हिंगोली जिल्ह्यात परदेशी माणसांची मोठी वसाहत आहे, याचा पत्ता पर्यटन खात्याला अजून लागलेला नाही. या मंडळींकडे पासपोर्ट नाही, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरच्या निवडीतून आलेला नियुक्ती आदेश आहे. कुणी कोल्हापूरकडचं, कुणी नाशिककडचं, कुणी थेट कोकणातलं. सेनगाव नावाचा तालुका महाराष्ट्रात आहे हे त्यांना आदेश हातात पडल्यावर कळतं, आणि आईला पटवायला आणखी आठवडा जातो. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, महिना १६ हजार मानधन. २०२३ साल उजाडेपर्यंत ते सहाच हजार होतं, तेव्हा सध्याच्या पिढीला गडगंज म्हणायला हरकत नाही.

सोमवार ते शुक्रवार ही माणसं आपल्यात असतात. खिचडीचा तांदूळ मोजतात, ऑनलाइन माहिती भरतात, उरलेल्या वेळात शिकवतातसुद्धा. शनिवारी शाळा सकाळची. २०२४ मध्ये सरकारनं 'आनंददायी शनिवार' आणला. पोरांना दप्तर नको. गाणी, गोष्टी, योग, खेळ. खरा आनंद मात्र घंटा झाल्यावर गुरुजींच्या तोंडावर दिसतो. त्या दिवशी दप्तर असतं ते त्यांच्याच पाठीवर, आणि त्यात आठवड्याचे मळके कपडे. फाट्यावर काळीपिवळी, तिथून नांदेड नाहीतर परभणी, तिथून रातराणी. २०२४ पासून मुंबईची जनशताब्दी हिंगोलीहून सुटायला लागली. स्टेशनाचं नाव 'हिंगोली डेक्कन' आहे, तेवढ्या पाटीवर पुण्याच्या गुरुजींना थोडा धीर येतो.

मग रविवारी घरी पोचायचं, आंघोळ करायची, वरणभात खायचा, आईनं बांधलेला लाडवांचा डबा घ्यायचा आणि संध्याकाळी उलट्या दिशेची गाडी धरायची. सोमवारी पहिल्या तासाला गुरुजी फळ्यावर तारीख लिहितात ती डोळे मिटून.

यावर राज्यात रण पेटलेलं आहेच. २०२२ च्या अधिवेशनात गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत आणि घरभाडे भत्ता मात्र उचलतात, असं म्हणून मोहोळाला हात घातला. शिक्षक रस्त्यावर उतरले. दोन्ही बाजू तावातावानं बोलल्या आणि दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. त्याआधी, २०१९ मध्ये, सरकारनं ग्रामसभेचा ठराव मागितला होता: गुरुजी गावात राहतात असं गावानं लिहून द्यायचं. ज्या गावात भाड्यानं द्यायला एक धड खोली नाही, त्या गावानं गुरुजी इथंच राहतात असा ठराव करायचा, ही कल्पना ज्याला सुचली त्याला ललित लेखनाचं पारितोषिक द्यायला हवं होतं.

माझं म्हणणं वेगळं आहे. बुधवारी रात्री गुरुजी कुठं झोपतात याच्या चौकशीत काही अर्थ नाही. रविवारी दुपारी ते कुठं असतात ते विचारा. माणूस पोटासाठी पाच दिवस कुठंही काढतो. सुटीचा दिवस जिथं काढावासा वाटतो, ते त्याचं मुख्यालय.

जपानात १९८७ पासून 'जेट' नावाची सरकारी योजना चालते. इंग्रजी शिकवायला देशोदेशीची तरणी पोरं बोलावतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना टोकियोत न ठेवता आडगावातल्या शाळेत टाकतात. घर समुद्रापार, रविवारी पळून जायची सोय नाही. मग ही पोरं गरम पाण्याच्या झऱ्यात डुंबतात, डोंगर चढतात, गावच्या जत्रेत ढोल बडवतात आणि आयुष्यभर त्या गावाचं नाव घेत फिरतात. आमच्या गुरुजींची अडचण एवढीच की त्यांचं घर एका रात्रीच्या अंतरावर आहे. पोचता येतं, पण राहता येत नाही. असलं घर परदेशापेक्षा वाईट.

आणि फक्त बाहेरच्यांनाच कशाला बोला? आमचीही पोरं रत्नागिरी, रायगड, पालघरच्या शाळांत आहेत. तिकडचे लोक म्हणतात, मराठवाड्याचे गुरुजी येतात आणि पहिल्या दिवसापासून आंतरजिल्हा बदलीचा अर्ज भरतात. खोटं काय त्यात? आमच्या कळमनुरीच्या सरांना गुहागरचा समुद्र वर्गाच्या खिडकीतून दिसतो, पण सलग सुट्या आल्या की ते असतात गावाकडं, सोयाबीनच्या राशीवर. हायवेवर कुठंतरी रात्री तीन वाजता त्यांची ट्रॅव्हल्स आणि कोकणी गुरुजींची ट्रॅव्हल्स एकमेकींना लाइट मारून निघून जात असतील. आपसी बदली हा प्रकार सरकारी कागदावर आहे, पण जोडीदार सापडायला लग्नापेक्षा जास्त वेळ लागतो.

'सर, इथं बघण्यासारखं आहे काय?' हा परदेशस्थांचा आवडता सवाल. आमच्या लोकांचं त्यावरचं उत्तर त्याहून आवडतं: 'काई नाई.' १ मे १९९९ ला परभणीतून वेगळे झालो, तेव्हापासून आम्ही मागासपणाचीच जाहिरात इतक्या नेटानं केली की पाहुण्याला दुसरं काही दाखवायची सवयच राहिली नाही.

साहस पाहिजे? २१ मार्च २०२४ ला पहाटे सहाच्या सुमारास जिल्हा हादरला, ४.५ तीव्रतेचा धक्का. १० जुलैला सकाळी सातनंतर पुन्हा तेवढाच. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेकडं तर जमिनीच्या पोटातून वर्षानुवर्षं गूढ आवाज येतात. पहिला धक्का गुरुवारी आला, दुसरा बुधवारी. भूकंपालाही कळतं, शनिवार-रविवार येऊन उपयोग नाही, गुरुजी गावाकडं असतात.

विज्ञान पाहिजे? औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा व्हायची आहे. २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यातून लेसर. असल्याच यंत्रानं २०१५ मध्ये अमेरिकेत १३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या कृष्णविवरांची टक्कर टिपली. वेधशाळा इथं सुरू झाली की विश्वातली बारीकात बारीक थरथर सेनगावच्या शेजारी नोंदली जाईल. शाळेतून दुधाळ्याला सहल न्यायची तर परवानगीचा कागद मात्र तेव्हाही कृष्णविवरातूनच यावा लागेल.

राहिला औंढा नागनाथ. तिथं जाऊन आलेले परदेशस्थ भेटतात, पण ते श्रावणी सोमवारी गर्दीत दर्शन घेऊन परतलेले. रविवारी सकाळी निवांत जावं. आठवं ज्योतिर्लिंग कोणतं यावर आमचा गुजरातशी जुना वाद आहे, तो बाजूला ठेवा. गाभारा खाली आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावं लागतं, भल्याभल्यांची मान आपोआप झुकते. बाहेर आलं की भिंतीवरच्या मूर्तींच्या रांगा बघत प्रदक्षिणा घालावी आणि नंदी शोधावा. तो समोर नाही, मागं आहे. नामदेवांना कीर्तन मागं जाऊन करायला सांगितलं म्हणून देऊळच फिरलं, अशी कथा. इथंच विसोबा खेचरांनी पिंडीवर पाय ठेवून नामदेवांची शिकवणी घेतली. तेही गुरुजीच, आणि त्यांचा एकच तास आयुष्यभर पुरला.

नामदेवांचं नर्सी इथून लांब नाही, कयाधूच्या काठावर. पंजाबात घुमानला जाऊन राहिलेला हा आमच्या जिल्ह्याचा पहिला परदेशस्थ गुरुजी. तिथं इतका मुरला की त्याची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात गेली आणि २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलनालाच घुमानला जावं लागलं. शनिवारी गाडी पकडून नर्सीला येत राहिला असता तर किरकोळ रजेचे अर्ज तेवढे मागं राहिले असते.

आता एका गुरुजींची गोष्ट. गडी किनाऱ्याकडचा, अविवाहित, सहा हजारवाला शिक्षणसेवक. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. ट्रॅव्हल्सचे भाव सहा हजारात बसेनात. माणूस अडकला. पर्यटन खात्याला जमलं नाही ते एसटी कर्मचाऱ्यांनी करून दाखवलं.

कित्येक रविवार त्यानं खोलीत छताकडं बघत काढले. फेब्रुवारीत एका पोराचा बाप मोटारसायकल घेऊन दारात. 'सर, चला, हळद लागली.' शेतात कुकर मांडलेला: मधे पाण्याची टाकी, खाली जाळ, भोवती हळदीचे ड्रम, नळीतून वाफ. मातीचा आणि कच्च्या हळदीचा उग्र वास, नाकात बसला की जेवणातही तोच. बाया गड्डे आणि हळकुंडं निवडत बसलेल्या. बापानं ड्रममधून एक हळकुंड काढलं, त्यात काडी खुपसली. काडी सुळकन आत गेली. 'शिजली. वतून घ्या.' मग शेतात पसरलेली ती वाफाळती पिवळी रास आणि तिच्यावरून बूट काढून चालणारे गुरुजी. दहा-बारा दिवस उन्हात, मग पॉलिशचा ड्रम, मग वसमतचा बाजार. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गुरुजींना त्याच्या दोन वर्षं आधीच मिळालं होतं. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या पिवळ्याधम्मक. एक आजी म्हणाली, 'सर, हळद तर लागली, आता पोरगी तेवढी बघा.'

त्यानंतर हा पठ्ठ्या सुटला. सिद्धेश्वरचं धरण, कळमनुरीकडून इसापूरचा जलाशय आणि तिथले पक्षी, नर्सी दोनदा. दर सोमवारी पोरांना आदल्या दिवशीचं सांगायचा आणि पोरं म्हणायची, सर, आमीबी नाई बघितलं. संप मिटल्यावर पहिल्या गाडीनं घरी गेला खरा, पण पुढं महिन्यातून एकदाच जायला लागला.

पुढं लग्न झालं. पती-पत्नी एकत्रीकरणात बदली मिळाली, अगदी स्वतःच्या तालुक्यात. परवा फोनवर हळदीचा भाव विचारत होता. म्हटलं, आता रविवारी काय करतोस? म्हणाला, 'काही नाही सर, झोपतो. इथं बघण्यासारखं आहे काय?' समुद्र त्याच्या घरापासून पाच किलोमीटरवर आहे.